परदेशी गेलेल्या आज्यांच्या आठवणी

माझी आजी अलिबागजवळच्या नवगावची. तिच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू. १९६३ साली आजी-आजोबा धाकट्या मामाला घेऊन इस्रायलला गेले. आईचं लग्न झालं होतं, ती ठाण्यात राहिली. नेगेवच्या वाळवंटात दिमोना तेव्हा नुकतं वसत होतं, तिथे त्यांना घर मिळालं. आजोबा काही वर्षांतच वारले. आजी ९८ वर्षं जगली, गेल्या पावसाळ्यात गेली.

हिब्रू तिला चांगलं यायचं, बाजारात घासाघीसही करायची. पण सणांना तिने कधी रोश हशाना, योम किप्पूर म्हटलं नाही. नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा, हीच नावं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा उपास आपल्याकडे वालाच्या बिरड्याने सोडतात, म्हणून तो बिरड्याचा रोजा. एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने राहिले. वाल भिजवून फडक्यात बांधले की आजीची झोप उडायची. नेगेवची हवा इतकी कोरडी की फडकं वाळलं तर मोड करपून जायचे. रात्री दोन-दोन तासांनी उठायची, ओल्या हाताने पुरचुंडी चाचपायची, पाणी शिंपडायची. सकाळी कोमट पाण्यात वाल घेऊन बसायची. अंगठ्याने हलकेच दाबलं की सालातून डाळिंबी बाहेर. नव्वदी उलटल्यावर डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी एकही डाळिंबी मोडायची नाही. शेजारची मोरोक्कोची बाई परसातली कोथिंबीर आणून द्यायची. ती कुस्बरा म्हणायची, आजी कोथमीर. दोघी चाळीस वर्षं आपापलाच शब्द वापरत राहिल्या.

तिची पतवंडं तिथल्या रीतीप्रमाणे ‘सावता’ म्हणायला लागली, तर ती ‘ओ’च द्यायची नाही. आजी म्हटलं तरच वळून बघायची.

तिच्याबरोबर हे शब्द जातील याची मला फार भीती वाटते. तुमची आजीही मुलूख सोडून गेली असेल, किंवा कुठून आली असेल, तर इथे लिहा. तिने काय नेलं, काय जपलं ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

लोद, इस्रायलहून

आम्हीही बेने इस्रायल, मूळ पेणकडचे. १९६२ला माझ्या आत्याचं लग्न ठरलं, तेव्हा लग्न नोंदवणाऱ्यांनी आईकडच्या पिढ्या ज्यू असल्याचे दाखले मागितले. आमच्या बऱ्याच घरांना तेव्हा हे सोसावं लागलं. आजी त्यांना म्हणाली, “कोकणात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शमाची प्रार्थना म्हटली, मुलांच्या सुंता केल्या, शनिवार पाळला. तेव्हा कुणी कागद लिहून ठेवत नव्हतं.” आत्याचं लग्न अडून राहिलं. १९६४च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. आजी नऊवारी नेसून तिथे जाऊन बसली. त्याच वर्षी संसदेने आपण सगळ्या बाबतींत बरोबरीचे ज्यू आहोत असं मान्य केलं.

आजीने एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांना मलिद्याचा नवस बोलला होता. अलिबागेजवळच्या खंडाळ्याला ज्या खडकावर त्यांच्या रथाची खूण दाखवतात, तिथे ती लहानपणी गेली होती. नवस फेडायला पोहे भिजवले, साखर-वेलची घातली, वर पाच फळं मांडली. ओला नारळ मिळेना, म्हणून मुंबईहून आणलेलं सुकं खोबरं भिजवून किसलं. आत्या आता ८४ वर्षांची आहे. त्या मलिद्यातलं खोबरं दाताखाली कसं करकरत होतं ते ती अजून सांगते.

कल्याणहून

माझी आजी उलट दिशेची, कराचीहून आलेली. तिचे वडील तिथे नारायण जगन्नाथ हायस्कुलात मराठी मास्तर होते. फाळणीत १४ वर्षांची आजी आगबोटीने मुंबईला उतरली. पुढे कल्याणला संसार झाला. पलीकडे उल्हासनगरात सिंधी लोकांची वस्ती वाढत होती. आजी दर गुरुवारी तिथे भाजी आणायला जायची, आमच्या दारात भाजीवाली येत असूनसुद्धा. मला वाटायचं, स्वस्त मिळत असेल. एकदा तिच्याबरोबर गेले. भाजीवाल्या बाईला तिने ‘अदी’ म्हणजे ताई अशी हाक मारली आणि दोघी अर्धा तास सिंधीत बोलत होत्या. बंदर रोड, क्लिफ्टनचा किनारा, एवढंच मला कळलं. परत येताना पिशवीत एक मुळ्याची जुडी होती.

९१ वर्षांची होऊन गेली. शेवटच्या आठवड्यात नर्सला ‘अदी’ म्हणत होती. नर्स केरळची, तिने विचारलंही नाही, नुसतं ‘ओ’ दिलं.

एडिसन, न्यू जर्सीहून

माझी आजी ६८व्या वर्षी सांगलीहून इथे आली, मला सांभाळायला. तिने येताना बॅगेत दाभण आणि दोऱ्याची रिळं आणली होती. तिच्या जुन्या लुगड्यांच्या आणि बाबांच्या विटलेल्या जीन्सच्या गोधड्या शिवायची. जीन्समधून दाभण जायचं नाही, बोटांना भोकं पडायची, तरी सोडलं नाही तिने. मी कॉलेजच्या होस्टेलला तीच गोधडी नेली. आता माझ्या मुलीच्या पाळण्यात आहे. एका कडेला टाके वाकडे आहेत, तिचा हात थरथरायला लागला तेव्हाचे. ते मी उसवू दिले नाहीत.

पुन्हा ठाण्याहून

सगळ्यांचं वाचून रडू आलं. लोदच्या आत्याला माझा नमस्कार सांगा.

एका ताईंनी वाल किती तास भिजवायचे ते विचारलंय. आजीकडे एक रात्र आणि वर अर्धा दिवस, मग पुरचुंडी. ठाण्यात पावसाळी हवेत फडकं एकदा ओलं केलं तरी पुरतं. बिरड्याच्या आमटीत नारळाचंच दूध, म्हणजे मटणाच्या जेवणातही चालतं. आमच्याकडे मटणाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही.

यंदाच्या रोजाला मामेबहीण दिमोनात आणि मी इथे, एकाच रात्री वाल भिजत घालणार आहोत. तिला रात्री उठावं लागेल, मी फोन करून उठवीन.