कर्ज फेडताना परसबागेचा हातभार नेमका किती?

पोफळीची वाडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात राहतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आणि निम्मे माड आडवे झाले. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच ते सात वर्षे जातात. त्यामुळे नवी झाडे आता कुठे धरू लागली आहेत, आणि मधल्या काळात घर चालवण्यासाठी व वाडी पुन्हा उभी करण्यासाठी काढलेले कर्ज अजून डोक्यावर आहे. मी तालुक्याच्या गावी खाजगी नोकरी करतो आणि पत्नी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला साधारण ३४,००० रुपये येतात. घरात आई आणि शाळकरी मुलगा आहे.

क्रेडिट कार्डाचे ६२,००० रुपये थकले असून त्यावर दरमहा साडेतीन टक्के व्याज लागते. पतसंस्थेच्या कर्जाचे १,५०,००० रुपये बाकी आहेत. व्याज १५ टक्के, हप्ता ५,२०० रुपये, आणि अजून तीन वर्षे शिल्लक. बँकेचे सोनेतारण १,२०,००० रुपयांचे आहे, त्याचा दर ९ टक्के. शिवाय थोरल्या काकांनी अडचणीच्या वेळी ८०,००० रुपये बिनव्याजी दिले होते. कार्डाची किमान रक्कम, पतसंस्थेचा हप्ता, सोन्याचे व्याज आणि घरखर्च वजा जाता आमच्याकडे सुमारे ३,००० रुपये उरतात, आणि ते मी सगळ्या देण्यांत सारखे वाटत आलो आहे.

पत्नीचे म्हणणे असे की घराभोवती जागा आहे, विहीर आहे, तर बाजारातली भाजी बंद करून तो पैसा कर्जात घालावा. मला तिचे म्हणणे पटते, पण आमची जमीन जांभ्याची, एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते, आणि वानरे तर रोजचीच. या मार्गाने खरोखर किती पैसा सुटतो, आणि सुटलेला पैसा आधी कुठे भरावा, हे अनुभवी माणसांकडून ऐकायचे आहे.

पासबुक

मी बरीच वर्षे एका पतसंस्थेत कर्जखात्याचे काम पाहिले, म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. तुमची चारही देणी सारखी नाहीत, त्यामुळे पैसा सारखा वाटणे तुमच्या नुकसानीचे आहे. कार्डाच्या ६२,००० रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला २,१७० रुपये व्याज होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २,५६० रुपये. तुम्ही किमान रक्कम म्हणून ३,१०० रुपयांच्या आसपास भरत असाल, तर मुद्दल महिन्याला जेमतेम साडेपाचशेने कमी होते. शिवाय बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर किराणा किंवा पेट्रोल घेतले, तर त्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून ते कार्ड आजच कपाटात ठेवा आणि घरखर्च रोखीने किंवा खात्यातून करा.

आता एक गोष्ट तपासून पाहा. तुमचे सोने ज्या वेळी तारण ठेवले, त्यानंतर सोन्याचा भाव वाढलेला आहे, त्यामुळे त्याच दागिन्यांवर बँक वाढीव रक्कम देऊ शकते का, ते शाखेत जाऊन विचारा. ६२,००० रुपये ९ टक्क्यांनी घेऊन कार्ड पूर्ण भरून टाकले, तर त्या रकमेचे व्याज महिन्याला २,५६० वरून ४६५ रुपयांवर येते. कार्डाचे ३,१०० आणि हातात उरणारे ३,००० असे ६,१०० रुपये दरमहा त्याच रकमेत भरत राहिलात, तर अकरा महिन्यांत ती फिटते. तेच ६,१०० रुपये कार्डावर भरत बसलात तर तेरा-चौदा महिने लागतील आणि व्याजापोटी सुमारे १७,००० रुपये जास्त जातील. भाजीचे एक रोपही न लावता, बँकेच्या एका फेरीत होणारी ही बचत आहे, म्हणून ती आधी करावी.

त्यानंतर पतसंस्था. तिथे मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास काही आकार लागतो का, हे लेखी विचारा, आणि जादा भरलेली रक्कम मुद्दलातच जमा झाली आहे ना, हे दर वेळी खातेउताऱ्यावर पाहा. काकांचे पैसे व्याजाच्या हिशेबाने शेवटी येतात, परंतु त्यांना कधीपासून किती देणार हे आताच जाऊन सांगा. बिनव्याजी कर्जात माणूस न बोलता दुखावला जातो. कोणी ‘तडजोडीने खाते मिटवून टाका’ असे सुचवले तर शक्यतो टाळा, कारण पतनोंदीत (तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात) ते खाते पूर्ण फेडलेले असे न दिसता तडजोडीने मिटलेले असे दिसते आणि पुढे कर्ज घेताना आडवे येते. प्रत्येक खाते बंद झाले की नादेय दाखला (काही देणे उरले नसल्याचे पत्र) घ्यायला विसरू नका.

मांडवाखाली

पासबुकताईंचा हिशेब मान्य आहे. परसबागेबद्दल मी सांगतो, कारण गुहागर तालुक्यात आमचीही जमीन जांभ्याचीच आहे.

कोकणात भाजीचा मोठा भाग घाटावरून येतो. कोल्हापूर-बेळगावकडची गाडी पावसात अडकली की आठवडी बाजारात भेंडी-गवारीला हात लावता येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या अंगणातले वेल भरात असतात. म्हणून पावसाळी वेलभाज्यांपासून सुरुवात करा. पडवळ, शिराळी, कारली, काकडी आणि दुधी यांची आळी मे महिन्यातच खणून ठेवा. तळाशी नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) उलटी रचा, म्हणजे पुढे उघडीप पडली तरी ओल टिकते. वर पालापाचोळा, कुजलेले शेणखत आणि चुलीतली राख घाला. आपली जमीन आम्लधर्मी असते, त्यामुळे राखेचा दुहेरी उपयोग होतो, पण ती मूठभरच हवी. आळ्याचा मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा. आपल्याकडच्या पावसात बी उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरते. भेंडी आणि मिरचीही गादीवाफ्यावरच लावावी. मांडवाला लोखंडी पाइप किंवा जाळी विकत आणू नका; वाडीतला बांबू, पडलेल्या पोफळीच्या खोडाच्या चिरलेल्या पट्ट्या आणि काथ्या पुरतो.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ तुमच्या दाराशी आहे. तिथल्या ‘कोकण तारा’ कारल्याचे, ‘कोकण हरिता’ शिराळीचे आणि ‘कोकण श्वेता’ पडवळाचे बी मिळाले तर पहिल्या वर्षी तेच घ्या. ही सुधारित वाणे आहेत, संकरित नव्हेत, त्यामुळे वेलावरचे एखादे चांगले फळ पिकू देऊन बी धरता येते आणि पुढच्या वर्षी बियाण्याला पैसे पडत नाहीत. मात्र शेजारी त्याच भाजीचा दुसरा वाण नसावा. कारली-काकडी कोवळी असतानाच वाकडी होऊन सडू लागली, तर ती फळमाशी समजा. तिच्यासाठी विद्यापीठानेच तयार केलेला ‘रक्षक’ सापळा स्वस्त पडतो; वेलभाज्यांसाठी त्यात क्यू ल्युअरची (माशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाची) वडी लागते, आंब्यासाठी वापरतात ती चालत नाही. डागी फळे वेलाखाली पडू न देता रोज गोळा करून खोल पुरा.

दिवाळीच्या सुमारास लाल माठ, मुळा, चवळी, वाल आणि वांगी करा. फेब्रुवारीनंतर मात्र हात आखडता घ्या. विहीर तळाला जात असेल, तर उन्हाळ्यात भाजीसाठी पंप चालवण्यापेक्षा ते पाणी पोफळीच्या रोपांना द्या, कारण तुमचे पुढचे उत्पन्न तिथे आहे. न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर अळू आणि केळ बारमाही जगतात.

वानरांपुढे काकडी-भेंडी टिकवायची तर मांडव घराच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या दारासमोर हवा, जिथे दिवसभर माणसाची ये-जा असते. लांबच्या कोपऱ्यात सुरण, हळद, आले आणि अळू लावा. आमच्याकडे वानरांनी यांना क्वचितच हात लावला. सुरणाला मात्र रानडुकरांची भीती असते.

आमच्या पाच माणसांच्या घरात पावसाळा ते हिवाळा असे सहा-सात महिने महिन्याला हजार-बाराशे रुपयांची भाजी वाचते आणि उन्हाळ्यात जवळजवळ काहीच वाचत नाही. कांदा, बटाटा आणि टोमॅटो विकतच आणावे लागतात. वर्षाला सात-आठ हजार धरून चला, त्याहून अधिक धरू नका.

समुद्रकाठी

सोन्यावर आणखी पैसे उचलण्याबद्दल मला सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. बहुतेक ठिकाणी सोनेतारणाची मुदत एक वर्षाची असते, आणि वेळेत नूतनीकरण झाले नाही किंवा रक्कम थकली तर नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव होतो. शेतीवाडीच्या घरात एखादे वर्ष पुन्हा वादळाचे निघू शकते. दागिने ज्यांचे आहेत त्या तुमच्या पत्नीची मनापासून संमती असल्याशिवाय हे पाऊल उचलू नये. दुसरा मार्ग असा की कार्ड देणाऱ्या बँकेकडेच थकबाकीचे मासिक हप्ते बांधून मागावेत. त्याचा दर कार्डाच्या चालू व्याजाहून बराच कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरून एकूण किती भरावे लागेल तो आकडा आधी मागून घ्या आणि मगच होकार द्या.

पासबुक

समुद्रकाठी यांचे म्हणणे योग्य आहे. नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि नुसते व्याज भरून न थांबता दरमहा मुद्दलही भरावे. दोन्ही मार्गांचे एकूण आकडे शेजारी लिहून नवरा-बायकोने मिळून ठरवावे.

पोफळीची वाडी

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने सगळे वाचले. दागिने तसेही बँकेतच आहेत, तर ते लवकर सुटतील असाच मार्ग धरावा, असे तिचे मत पडले. आम्ही सोमवारी शाखेत जाणार आहोत आणि कार्डाच्या हप्त्यांचा आकडाही मागणार आहोत. एकच शंका उरते. दर वर्षी गणपतीत मुंबईची मंडळी येतात, आणि वर्षभर साठवलेले त्या दहा दिवसांत जाते. तिथे काटकसर कशी करावी, ते कळत नाही.

आगोटवाल्या काकू

बाळा, देवाच्या कार्यात हात आखडायला कोणी सांगणार नाही, पण खर्च कुठे होतो ते बघ. आमच्या घरी गणपतीत सर्वांत जास्त पैसा भाजी, नारळ, गॅस आणि ऐन वेळी धावत जाऊन आणलेल्या किराण्यावर जायचा. वेलाचे बी मेअखेर टोचलेस तर पडवळ, शिराळी आणि भेंडी नेमकी गणपतीला लागतात. अळू दारात असतेच. ऋषिपंचमीची भाजी तर परसातल्या जिनसांचीच करायची असते, ती विकत आणायची कशाला?

कोरडा किराणा आगोटीलाच, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेव. कांद्याच्या माळा, वाल, कुळीथ, आमसुले आणि सुकी मासळी हे सगळे मे महिन्यात स्वस्त असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ओल्या मासळीचा भाव विचारूच नये. डब्यात सुकट-बोंबील असले की ते दोन महिने निभतात. सुकवलेले नीट उन्हात खडखडीत करून घट्ट झाकणात ठेव, नाहीतर पावसात बुरशी धरते. आंघोळीचे पाणी चुलवणावर तापव. तुझ्या वाडीत चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणे वाया जात असतील, त्यांवर वर्षाचे दोन-तीन सिलिंडर तरी वाचतील.

मुंबईच्या मंडळींना मात्र खरे ते सांग. आमच्या दिरांना आम्ही स्पष्ट सांगितले की कर्ज फिटेपर्यंत उत्सवाचा खर्च सर्व भावांनी वाटून घ्यायचा. त्यांना राग आला नाही. उलट, आधी का बोलला नाहीत, असे त्यांनी विचारले. तुझ्या पत्नीने भाजीच्या पैशांसाठी एक वेगळा डबा करावा. बाजाराच्या दिवशी भाजीला जे लागले असते ते त्यात टाकावे आणि पगाराच्या दिवशी डबा रिकामा करून पैसे सोनेतारणात भरावेत. घरखर्चात मिसळले तर ते पैसे दिसणार नाहीत.

पोफळीची वाडी

काकू, डबा आजच ठेवला. गणपतीच्या वाटणीचे मी येत्या रविवारी दोन्ही चुलतभावांशी फोनवर बोलतो, आणि काकांकडे त्यांच्या पैशांचे सांगायला आम्ही दोघेही जाऊन येतो. मांडवाखाली, कोकण तारा आणि कोकण श्वेताचे बी विद्यापीठात नेमके कोणत्या विभागात मिळते, तेवढे कळवाल का?

मांडवाखाली

विद्यापीठाच्या आवारात उद्यानविद्या विभागात चौकशी करा. मे महिन्याच्या सुरुवातीलाच जा, पाऊस तोंडावर आला की बी लवकर संपते. प्रत्येकी एकच लहान पाकीट घ्या. चार माणसांच्या घराला एका भाजीचे तीन-चार वेल पुरेसे होतात.