तालमीच्या दिवसांतली आजारपणे आणि रुसवे : अनुभव धागा

निमंत्रण

पावसाळा सरत आला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत युवक महोत्सवाच्या एकांकिकांच्या तालमींना वेग येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत डेंग्यू, टायफॉइड आणि विषाणूजन्य तापाने वसतिगृहातल्या खोल्या भरलेल्या असतात. प्रेक्षकांसमोर जे ३० मिनिटांत आटोपते, त्यामागे उपाशीपोटी केलेल्या तालमी, बसलेले आवाज, लपवलेला ताप आणि एका भूमिकेवरून एकमेकांशी बोलेनासे झालेले मित्र असतात. अनेक संघांबरोबर वावरल्यावर माझे असे मत झाले आहे की आजारपण आणि भांडण या तालमीतल्या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. भूमिका जाईल या धास्तीने दुखणे लपवले जाते, काम ढिले पडते, आणि मग ‘हा मन लावून करत नाही’ असा ठपका बसतो. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी येथे सविस्तर लिहावे. माणसांची आणि महाविद्यालयांची नावे टाळावीत. काय केले ते मात्र पुढच्या संघांच्या उपयोगी पडेल इतक्या तपशिलाने सांगावे.

परभणी, माजी विद्यार्थी

द्वितीय वर्षाला असताना मला दुष्काळातही गाव न सोडणाऱ्या म्हाताऱ्याची मध्यवर्ती भूमिका मिळाली होती. भूमिकेत खोकायचे होतेच, त्यामुळे माझा खरा खोकला बरेच दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. उलट ‘काय पकडलंस रे!’ अशी दाद मिळत होती. संध्याकाळी अंगात कणकण भरायची आणि सदरा सैल होत चालला होता. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला तपासायलाच हवा, असे म्हणून शेवटी दिग्दर्शकच मला सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. थुंकीच्या तपासणीत फुफ्फुसाचा क्षयरोग निघाला. उपचार सहा महिन्यांचे होते आणि औषधे मोफत मिळाली.

बातमी तालमीच्या हॉलवर माझ्याआधी पोहोचली. माझा पेला माठापासून वेगळा ठेवला गेला आणि एका मुलीच्या वडिलांनी तिला पाठवणे बंद केले. यात कोणी दुष्ट नव्हते, सगळे घाबरलेले होते. दिग्दर्शकाने माझी परवानगी घेऊन क्षयरोग विभागातल्या डॉक्टर मॅडमना हॉलवर बोलावले. हा आजार पेल्याताटातून पसरत नाही, रुग्णाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. याला परत कधी येऊ द्यायचे ते मी तपासून सांगेन, आणि तुमच्यापैकी कोणाला खोकला असेल तर त्याने आजच तपासून घ्यावे, असे त्यांनी समजावले. त्याच आठवड्यात तालमी बंद हॉलमधून मैदानाकडच्या ओट्यावर हलल्या. ती मुलगीही परत आली, आणि पहिल्या दिवशी तिचे वडील तालीम संपेपर्यंत तेथे बसून होते.

खरा पेच पुढे उभा राहिला. मी घरी असताना प्रॉम्पटिंग करणाऱ्या, म्हणजे आडून संवाद सुचवणाऱ्या मित्राने माझे संवाद म्हणायला घेतले होते आणि तो ते उत्तम म्हणत होता. मी परतल्यावर संघाचे सरळ दोन तट पडले. त्याने मेहनत केली होती आणि मला ती भूमिका प्राणापलीकडे हवी होती. कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते. दिग्दर्शकाने शेवटचे मोठे स्वगत आम्हा दोघांकडूनही करून घेतले. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझा श्वास तुटत होता, ते मला स्वतःलाच ऐकू आले. मग लेखकाच्या परवानगीने त्या स्वगताचे दोन भाग झाले: पहिला म्हाताऱ्याचा, आणि तो थकून खाली बसला की पुढचा त्याच्या शहरात गेलेल्या मुलाचा. मुलाची ही भूमिका मूळ संहितेत नव्हती. मित्राने ती केली, आणि परीक्षकांनी त्याच प्रसंगाचा वेगळा उल्लेख केला.

गोळ्यांनी लघवीला नारिंगी रंग येतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून पहिल्या सकाळी मी घाबरलो नाही. पुढचे सगळे महिने रोज सकाळी त्याच मित्राचा फोन यायचा, ‘गोळी घेतलीस का?’

छत्रपती संभाजीनगर, प्रकाशयोजना सांभाळणारी

मला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. वरचा अनुभव वाचून एवढेच सांगते की मी पहिल्या वाचनालाच सर्वांना स्पष्ट सांगितले होते. घाम फुटला, हात थरथरले किंवा मी उगीच चिडचिड करू लागले, तर वाद न घालता पाण्यात तीन-चार चहाचे चमचे साखर घालून द्या, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा मोजा आणि मला गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या, हे नेपथ्य उचलणाऱ्या मुलांनाही पाठ होते. रंगीत तालमीत त्याची एकदा गरज पडली. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना आमच्या हॉलवर फ्रिज नव्हता. इन्सुलिनच्या कुप्या ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवत असू.

लातूर जिल्हा, तृतीय वर्ष

आमच्या संघातल्या निम्म्या मुली गावाहून एसटीने येणाऱ्या होत्या आणि तालमी संध्याकाळी ठेवल्या होत्या. शेवटच्या बससाठी आम्ही निघालो की वसतिगृहातली मुले म्हणायची, यांना नाटकाचे गांभीर्य नाही. पहाटे घर सोडायचे, दिवसभरात बिस्किटे आणि चहा, आणि मग तालीम. एके दिवशी मी लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर चढताना चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघाले. प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. तपासणी केल्यावर आणखी दोघींचेही कमी भरले.

मी पडले म्हणून सहानुभूती मिळाली, पण वेळापत्रक लगेच बदलले नाही, हे लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यासाठी आम्ही मुलींनी एकत्र बसून प्रत्येकीच्या बसची वेळ कागदावर लिहून दाखवली. कोण कधी घरी पोहोचते हे मुलांनी प्रथमच पाहिले. त्यानंतर समूहाचे प्रसंग सकाळी सातला आणि मुलांचे प्रसंग संध्याकाळी अशी विभागणी झाली. वर्गणीतून रोज मटकीची उसळ आणि शेंगदाणे-गूळ आणायचे ठरले. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून गोळीनंतर लिंबूपाणी आणि चहा बऱ्याच वेळाने, ही शिस्त डॉक्टरांनी लावून दिली.

अंबाजोगाई, संघाबरोबर जाणारी प्राध्यापिका

आमच्या प्रमुख नटाला स्पर्धेच्या तोंडावर डेंग्यू झाला. अंगदुखीसाठी कोणीतरी त्याला आयबुप्रोफेन देत होते. त्याने आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले. ताप उतरल्यावर मुले आनंदाने त्याला न्यायला आली. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे तेव्हाच पाहायची असतात. मी नकार दिला. ‘मॅडम, तो स्वतः हो म्हणतोय,’ असे म्हणून एक मुलगी माझ्यासमोर रडली. त्याच संध्याकाळी त्याच्या प्लेटलेट्स आणखी उतरल्या आणि त्याला दाखल करावे लागले.

बदली कलावंताने संवाद म्हटले, क्रमांक आला नाही, आणि संघ कित्येक दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होता. मला त्याचे दुःख झाले, पण निर्णयाबद्दल मनात कधी किंतु आला नाही. स्नेहसंमेलनात तोच प्रयोग त्या मुलाला घेऊन झाला.

नांदेड, नट

माझा आवाज तालमीत बसला, तेव्हा सगळ्यांनी कुजबुजत बोलण्याचा सल्ला दिला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तेही बंद केले, कारण कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो. पूर्ण मौन, भरपूर पाणी आणि वाफ एवढेच त्यांनी सांगितले. मौनाच्या त्या दिवसांत मी समोर बसून तालीम पाहिली आणि माझ्या जागी उभा राहिलेला देगलूरकडचा मुलगा शेतकऱ्याचे संवाद घरच्या बोलीत, ‘काय करायलास गा?’ असे सहज म्हणताना ऐकला. त्याला ओरडावे लागत नव्हते. मी घासून-पुसून केलेल्या भाषेत तेच वाक्य गळ्यातून ताणत होतो. आधी आमचे पटत नसे. मीच पाटीवर लिहून दिग्दर्शकाला सुचवले की संवाद त्याच्याकडून तपासून घ्यावेत. आवाज परत आल्यावर त्याने रोज तालमीआधी मला प्रत्येक वाक्य बसून, साध्या आवाजात म्हणून दाखवले, आणि ते जमल्यावरच मी उभा राहून म्हणायचो.