लाली म्हणजे पचली असं नव्हे

घोटभर घेतल्यावर तोंड लाल झालं म्हणजे दारू पटकन पचते, असं वर एकांनी लिहिलंय. उलटं आहे हो! दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच२ हे विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. ते विकर बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला की ही दुसरी पायरी अडते; साचलेल्या ॲसिटाल्डिहाइडने तोंड लाल होतं आणि पेशींतल्या डीएनएला इजाही होते. गंमत अशी, की या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) बिघडलेले लोक सहसा पीतच नाहीत, सोसतच नाही त्यांना. एकच प्रत बिघडलेला मात्र सवयीने रेटतो, आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका त्यालाच फार वाढतो. हा बदल जपान-चीन-कोरियात पुष्कळ, आपल्याकडे क्वचित. पण म्हणून हुरळू नका, मद्य कर्करोगकारक ठरलंय ते १९८८ सालापासून, सगळ्यांसाठीच.

आमच्या इंदूरला रामबागेतला एक मित्र अर्ध्या ग्लास बिअरने कानापर्यंत लाल होतो. म्हणून लग्नाला निघताना आधी ॲसिडिटीची गोळी घेतो. लाली लपते, आतलं विष तेवढंच राहतं. हे त्याला समजावलं, तर म्हणे, "मग दोन घेऊ का?"