शब्दचर्चा: पदवीच्या 'आवश्यकता' की 'अटी'?

फोंड्याहून विचारणा

आमच्या महाविद्यालयात 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' हा विषय मेजर, म्हणजे पदवीचा प्रमुख विषय, म्हणून सुरू करायचे घाटते आहे. माहितीपत्रकाचा मराठी मसुदा माझ्याकडे आला आहे. 'कोर्स रिक्वायरमेंट्स'साठी एका सहकाऱ्यांनी 'अभ्यासक्रमाच्या आवश्यकता' लिहिले, दुसऱ्यांनी 'अनिवार्य विषय'. मला दोन्ही खटकतात. शिवाय नावातल्या 'अभ्यास' शब्दामुळे एका पालकांना वाटले, मुलांना शिकायला परदेशी पाठवणार. तिथे 'संबंध' बरा का?

मडगावहून उत्तर

सर, 'आवश्यकता' काढूनच टाका. मराठीत आवश्यकता भासते, वाटते. ती पुरी करून कोणी पदवी घेत नाही. अट मात्र घालतात, पाळतात, पुरी करतात. तेव्हा मथळा 'पदवीच्या अटी' असा सरळ करा.

'अनिवार्य'चा अर्थ याहून अरुंद आहे. जो पेपर कोणालाच चुकत नाही तो अनिवार्य. मुले त्याला सक्तीचा म्हणतात. 'आंतरराष्ट्रीय संबंधांची ओळख' हा पेपर अनिवार्य. पण 'पश्चिम आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांपैकी एका प्रदेशावर दोन पेपर' ही अट झाली, कारण त्यातला एकही पेपर सगळ्यांना लागू नाही. तिसरा शब्द 'पूर्वअट': संशोधनपद्धतीचा पेपर झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेता येणार नाही, ही पूर्वअट. हे तीन शब्द वेगळे ठेवलेत की आराखड्यातल्या भेगाही दिसू लागतील. सगळेच अनिवार्य करून ठेवले, तर निवड कुठे उरली हे मुलांनाच विचारावे लागेल.

पणजीहून

वरच्या उत्तराला माझा पूर्ण दुजोरा. मी भाषेच्या अटीबद्दल लिहितो, कारण हा विषय तिथेच तरतो किंवा बुडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यांतले ६० मेजरचे, २४ मायनरचे, म्हणजे सोबत घेतलेल्या दुसऱ्या विषयाचे. क्षमतावर्धनाचे ८ श्रेयांक आहेत, पण ते आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजीसाठी. फ्रेंच किंवा अरबी तिथे बसत नाही. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. समजा भाषेला कुठून तरी ८ श्रेयांक काढून दिले, तर हाती येतात १२० तास. एवढ्यात नमस्कार-चमत्कार येतील, त्या देशाचे वर्तमानपत्र वाचता येणार नाही. भाषाच मायनर घेतली तर २४ श्रेयांकांचे ३६० तास मिळतात, आणि मग काही बोलता येते.

म्हणून वाक्यरचना जपा. 'परकीय भाषेचे दोन पेपर' असे लिहू नका. 'एका परकीय भाषेत ठरावीक पातळी गाठणे' असे लिहा. पहिल्या वाक्यात मूल बाकावर किती वेळ बसले ते मोजले जाते, दुसऱ्यात त्याला काय येते ते. ज्याला ती भाषा आधीच येते, त्याने परीक्षा द्यावी आणि मोकळे व्हावे.

सासष्टीहून

या शेवटच्या मुद्द्याला गोव्यात फार अर्थ आहे. आमच्याकडे अजून अशी घरे आहेत जिथे आजी पोर्तुगीजमधून प्रार्थना म्हणते. त्या घरातल्या मुलीला पोर्तुगीज ही 'परकीय' भाषा म्हणून शिकवणार का? मला 'परकीय'पेक्षा 'विदेशी' बरा वाटतो. परकीयात परकेपणा आहे, विदेशीत फक्त देश वेगळा.

आणि नावात 'अभ्यास'च ठेवा. 'संबंध' म्हटले की राष्ट्रा-राष्ट्रांमधले करार, युद्धे, परिषदा एवढेच डोळ्यांपुढे येते. तेही हवे, आणि गोव्याकडे त्याचा साठा मोठा आहे: दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल १९६० चा, डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने वापरलेला नकाराधिकार, आणि १९७४ च्या करारात पोर्तुगालने मान्य केलेले भारताचे सार्वभौमत्व. या तिन्हींवर मिळून एक पेपर गोव्यात अनिवार्यच असायला हवा. मूळ कागद वाचायची सवय त्यातूनच लागेल. पण आखातात नोकरीला गेलेला बाप, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला भाऊ, मुरगाव बंदरातून गेलेले खनिज, हे सगळे 'संबंध' या शब्दात मावत नाही. त्याला इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भाषा असे सगळेच लागते. दिल्लीत १९५५ साली निघालेल्या आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेल्या संस्थेच्या नावातही 'स्टडीज'च होते. पालकांची शंका फेडायला नावाखाली एक ओळ पुरे: 'जगातील देश, समाज आणि त्यांचे व्यवहार यांचा अभ्यास.'

फोंड्याहून पुन्हा

देव बरें करूं. 'पदवीच्या अटी', त्याखाली 'अनिवार्य पेपर', 'निवडीचे पेपर', 'पूर्वअटी' असे मथळे केले. 'विदेशी' घेतला, आणि भाषेची अट पातळीवर बांधायचा प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे ठेवतो. 'मेजर'ला 'मुख्य विषय' चालेल. 'मायनर' मात्र अडला. 'गौण विषय' सुचवला गेला आहे.

मडगावहून

'गौण' नको सर. ज्या भाषेवर पोर ३६० तास घालवणार, तिला आपणच गौण म्हणायचे? 'जोडविषय' लिहा. मुख्य विषयाला जोडून घेतलेला, एवढेच त्यात येते, आणि शाळेतून आलेल्या मुलालाही तो लगेच कळतो.