मदत हवी आहे: १/७२ प्रमाणातलं मिग-२१ (टाइप ७७) चं प्लास्टिक मॉडेल, चंदेरी रंगातून सांधा दिसतोय, टेपसोबत रंग निघतोय

नवखाहात

भारतीय हवाई दलाचं टाइप ७७ (मिग-२१चा एक प्रकार) बिनरंगी धातूच्या रूपात करायला घेतलंय. धडाचे दोन भाग जोडून सांध्यावर ट्यूबमधली पुट्टी भरली आणि ४०० व ८०० च्या पॉलिश पेपरने घासली. नख फिरवलं तर काही लागत नाही. त्यावर तामियाचा चंदेरी रंग एक्स-११ एअरब्रशने मारला (०.३ ची सुई, हवेचा दाब २० पीएसआय, थिनर एक्स-२०ए). प्रायमर (रंगाला पकड देणारा खालचा थर) दिला नाही.

अडचणी अशा:
१. पाठीवरचा सांधा रेघेसारखा चमकतो.
२. मागच्या भागाला गडद छटा देण्यासाठी मास्किंग टेप लावली होती, ती काढताना रंगाचे पापुद्रे निघाले.
३. पंखावर एक गोल चिन्ह लावून पाहिलं, तर डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चिन्हाच्या) पारदर्शक कडेखाली पांढुरकं दिसतंय.

वरून आणखी एक हात मारला तर झाकलं जाईल का?

पत्रेवाला

नाही. जितके हात द्याल तितका सांधा जास्त उठेल. चंदेरी रंगातले धातूचे कण आरशासारखे असतात. खालचा उतार किंचित जरी बदलला तरी प्रकाश वेगळ्या दिशेने परततो. नखाला जे लागत नाही ते डोळ्याला दिसतं. त्यात तुमची पुट्टी प्लास्टिकपेक्षा मऊ आहे, त्यामुळे घासताना ती जास्त झिजते आणि सांध्यावर उथळ पन्हळ पडते. वाळल्यावर ती आकसते, ते वेगळंच.

सुदैवाने एक्स-११ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. कापसाचा बोळा भिजवून पुसून काढा, प्लास्टिकला काही होणार नाही. नेलपेंट रिमूव्हर मात्र चुकूनही वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने पॉलिस्टायरिन विरघळतं.

मग पुट्टी खरवडून सांध्यात फेविक्विक भरा. ते आकसत नाही आणि कडेला भुसभुशीतही होत नाही. पण तासाभरातच घासायला घ्या. रात्रभर राहिलं तर प्लास्टिकपेक्षा कडक होतं, मग शेजारचं प्लास्टिक झिजतं आणि सांधा उंचवटा बनून उभा राहतो. ४०० ने फक्त आकार आणायचा. पुढे ८००, १०००, १५००, २००० पाणी लावून, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पॅनेल रेषा बुजल्या असतील तर जाड लेबल टेपच्या कडेने सुई फिरवून पुन्हा कोरा. जोर न देता चार-पाच वेळा.

ओझरटाइप

टेपबद्दल. एक्स-११ ची प्लास्टिकवरची पकड मुळातच कच्ची, त्यात प्रायमर नाही आणि बहुधा बोटांचं तेल आहे. भांड्यांच्या साबणाने मॉडेल धुवा, पुढे हातमोजे घालूनच धरा.

मग पातळ केलेला मिस्टर सरफेसर १५०० हा प्रायमर, त्यावर चकचकीत काळा लॅकर, तामिया एलपी-१. हा काळा हात म्हणजेच खरी परीक्षा. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सांध्यावर वाकडं झालं तर तिथेच थांबा आणि सांधा दुरुस्त करा. काळा किमान २४ तास वाळू द्या. कच्च्या काळ्यावर चंदेरी मेल्यासारखा दिसतो.

वर तामियाचा चंदेरी लॅकर एलपी-११, एका भागाला दोन भाग लेव्हलिंग थिनर, १२ ते १५ पीएसआय, पाच-सात सेंटिमीटरवरून धुक्यासारखे पातळ हात. एका हातात झाकायला जाऊ नका. आणखी झगझगीत हवं असेल तर अल्क्लॅडचा एअरफ्रेम अ‍ॅल्युमिनियम आहे, पण या विमानाचा पत्रा आरशासारखा नसतोच, एलपी-११ पुरे.

टेप आधी काचेवर दोनदा चिकटवून चिकटपणा मारा. काढताना ती स्वतःवर दुमडून ओढा, सरळ वर उचलू नका. गडद छटेची हद्द मनाने ठरवू नका. इंजिन काढण्यासाठी मिग-२१चं मागचं धड जिथे सुटं होतं ती गोल रेघ आहे, छटा तिथूनच बदला. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक मात्र हिरवं.

हे सगळं घरात करणार असाल तर सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क हवाच, कापडी मास्क उपयोगाचा नाही. आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसाच्या दिवशी लॅकर मारू नका, दमटपणाने पांढरी साय धरते. धरलीच, तर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा द्या. त्यात वाळणं लांबवणारा रिटार्डर असतो, साय बहुतेक वेळा विरघळते.

पत्रेवाला

डिकलचं पांढुरकं म्हणजे खाली अडकलेली हवा. खडबडीत रंगावर हे होणारच. नवा चंदेरी गुळगुळीत असेल तर वार्निशची गरज नाही, उलट वार्निशने धातूची चमक मरते. डिकल बसवायच्या द्रावणांपैकी निळ्या लेबलचं मायक्रो सेट आधी, डिकल बसवून पाणी टिपलं की लाल लेबलचं मायक्रो सोल वरून. सोल लावल्यावर डिकल सुरकुततं, त्याला बोट लावायचं नाही, आपोआप बसतं. आधी मॉडेलच्या सुट्या इंधन टाकीवर करून पाहा.

बाकी, मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घातलंय का?

नवखाहात

नाही! धड तर चिकटवून झालंय. शंकू अजून सुटा आहे.

पत्रेवाला

मग वाचलात. मॉडेल मुख्य चाकांच्या जागी दोन पेन्सिलींवर टेकवा आणि नाकाला टेपने गळाचं शिसं लटकवत जा. नाक खाली झुकलं की त्या वजनात आणखी एक तृतीयांश मिळवा, कारण आत गेल्यावर ते टोकापासून मागे सरकतं. शिसं पोकळ शंकूत आणि पुढच्या चाकाच्या खणामागे इपॉक्सीने बसवा. फेविकॉलने नको. त्या गोंदातल्या अ‍ॅसिटिक आम्लाने शिशावर पांढरं कार्बोनेट चढतं, ते फुगतं आणि काही वर्षांनी धडाचा सांधा उकलतो. फेविकॉल कॅनॉपीसाठी ठेवा. तिथे फेविक्विक लावलं तर वाफेने काच धुरकटते.

ओझरटाइप

नाकावरची पिटोची (वेग मोजणारी) लांब नळी अगदी शेवटी लावा, नाहीतर टेप काढतानाच मोडेल. मोडलीच, तर इंजेक्शनची बारीक सुई चालते. आणि १९७१ चं विमान करणार असाल तर टाइप ७७ मध्ये आत तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ चा गनपॉड (बाहेरून टांगलेली तोफेची पेटी) येतो. डब्यात असेल तर सांधे घासण्याआधीच त्याची भोकं पाडून घ्या.