कुशीवर झोपून पाय उचलताना नितंबाऐवजी मांडीच का भरून येते?

प्रश्न : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम मी नियमित करते, परंतु ताण नितंबाच्या बाजूला न जाणवता मांडीच्या पुढच्या भागात जाणवतो. काय चुकत असावे?

उत्तर १ : बहुधा कंबर मागे कलंडते आणि पायाची बोटे छताकडे वळतात, त्यामुळे ग्लुटियस मीडियस या नितंबाच्या बाजूच्या स्नायूचे काम मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू करू लागतात. पाठ व टाच भिंतीला टेकवून झोपावे, बोटे समोर किंवा किंचित जमिनीकडे ठेवावीत आणि टाच भिंतीवरून सरकवत पाय फूटभरच उचलावा. अधिक उंची गाठण्याच्या नादात कंबरच वाकते. चालताना एका पायावर भार येतो तेव्हा हाच स्नायू कटिभाग सावरतो, म्हणून हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर २ : हे जड वाटल्यास आधी गुडघे दुमडून, टाचा जुळवून फक्त वरचा गुडघा उघडावा. सहज जमू लागल्यावर गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा लावावा.

उत्तर ३ : खुब्याच्या बाहेरील हाडावर दुखत असेल, तर त्या कुशीवर झोपू नये व फिजिओथेरपिस्टला दाखवावे.