स्ट्रॅट आहे, लेस पॉल आहे, तिसरी इलेक्ट्रिक गिटार कोणती घेऊ?

माझ्याकडे स्ट्रॅट आणि लेस पॉल आहे, आता तिसरी घ्यायचीय पण आवाज खरंच वेगळा हवा, नुसता रंग नको. ब्लूज आणि थोडं जॅझ वाजवतो. टेली (टेलिकास्टर) मनात आहे, काय म्हणता?

पिकअपवेडा: टेलीच्या ब्रिज पिकअपची (तारांचं कंपन पकडणारं चुंबक-वेटोळं, ब्रिज म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचं) धार भारीच, पण स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) परत २५.५ इंच, पिकअप परत सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचं), म्हणजे स्ट्रॅटच्या बऱ्यापैकी जवळ. मी सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ) घेतली असती, गिब्सन ३३५ टाइप. १९५८ चं डिझाइन आहे, मध्ये लाकडाचा ठोकळा असतो त्यामुळे फीडबॅक (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी शिट्टी) आवरतो, आणि कडा पोकळ असल्याने सूर जरा मोकळा येतो. नेक (मानेकडच्या) पिकअपवर टोन नॉब थोडा कमी करून कॉर्ड धरून बघ, जॅझसाठी दुसरं काही नको वाटेल.

तारेवरची: पी-९० पिकअप विसरू नका रे! व्हॉल्यूम कमी केला की साफ, पूर्ण उघडला की मस्त गुरगुरतं. हम (घूंऽ असा आवाज) येतो, तेवढं चालवून घ्यायचं.

सेमी-हॉलोमध्ये पी-९० मिळतं का?

पिकअपवेडा: एपिफोनची कॅसिनो बघ, पण ती आतून पूर्ण पोकळ, ठोकळा नाही, जास्त गेनवर (अँपचा आवाज फाटेपर्यंत वाढवला की) लगेच शिट्टी मारते. तुझ्या ब्लूजला पुरेल. आपल्याच अँपवर वाजवून मग ठरव.